गांधीजी अटकेत गेले आणि सोलापूर पेटलं, त्याची गोष्ट

सोलापुरात पत्ता सांगायचा झाला तर 'चार पुतळ्यापाशी या' म्हटलं की काम होतं. पुण्याला जायची गाडी हुतात्मा एक्सप्रेस, नाटक बघायचं ते हुतात्मा स्मृती मंदिरात. १२ जानेवारीला पुतळ्यांना हार पडतात, भाषणं होतात, आणि सगळे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, तयारीला लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. ही नावं इथल्या शाळेतल्या पोराला पाठ असतात.

अडचण पुढे येते. या चौघांना १९३१ साली फाशी झाली ती दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. आणि ज्या चळवळीत हे घडलं ती गांधीजींची १९३० ची, म्हणजे समोरच्याने डोकं फोडलं तरी हात उचलायचा नाही अशी. मग हे जुळतं कसं? एखादं चुणचुणीत पोरगं हे विचारतं तेव्हा वडीलधारी मंडळी बहुधा 'अरे, इंग्रजांनी खोटे खटले भरले' एवढ्यावर विषय मिटवतात. खटल्यांबद्दल तेवढं म्हणायला जागा आहे. पण पोलीस चौकी जळाली होती, आतली माणसं जिवानिशी गेली होती, हे काही खोटं नव्हतं. तेव्हा हा प्रश्न नीट सोडवायचा तर गांधीजींचं आयुष्य एका विशिष्ट बाजूने बघावं लागतं. जन्म, शिक्षण, आफ्रिका, दांडी, बलिदान अशी जी जंत्री आपण निबंधात लिहितो तिने काम भागत नाही. बघायचं ते हे: हा माणूस तुरुंगात गेला की मागे राहिलेल्या लोकांनी काय करायचं, याची त्याने काय तजवीज केली होती? तजवीज होती. कधी ती चालली, कधी कोसळली.

सुरुवात ११ सप्टेंबर १९०६ पासून करू. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचं एम्पायर थिएटर. तिथल्या ट्रान्सवाल वसाहतीचं सरकार हिंदी लोकांची बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करणार होतं आणि पोलीस मागेल तेव्हा कागद दाखवायची सक्ती होती. सभेत सेठ हाजी हबीब उठले आणि म्हणाले, हा कायदा मानणार नाही अशी देवाला साक्ष ठेवून शपथ घेऊ. सदतीस वर्षांचे होत आलेले बॅरिस्टर गांधी हे ऐकून दचकले, आणि मग त्यांनी लोकांना बजावलं ते फार महत्त्वाचं आहे. शपथ सगळ्यांनी मिळून घेतली तरी ती ज्याची त्याने पाळायची आहे. बाकीचे सगळे गळाले, मी एकटा उरलो, तरी ती मला बांधील आहे, असं ज्याला वाटत असेल त्यानेच हात वर करावा.

पुढच्या चाळीस वर्षांचं बी यातच आहे. पुढारी आहे म्हणून मी शांत आहे, ही अहिंसा त्यांना नको होती. पुढारी नसताना, बघणारं कुणी नसताना, माणूस स्वतःच्या बळावर शांत राहिला पाहिजे. बोलायला सोपं आहे. पण हजारो माणसांकडून हे करून घ्यायचं म्हणजे शिस्त, सराव आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीची माणसं लागतात. ज्याने गड्ड्याच्या आधी नंदीध्वजाच्या उंच काठ्यांचा सराव पाहिला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. यात्रेच्या दिवशी काठी तोलून धरणारा माणूस आठवडेच्या आठवडे आधी घाम गाळत असतो. भक्ती आहे म्हणून कुणी आयत्या वेळी पुढे होऊन ती उचलू म्हणेल तर काठीही पडेल आणि माणसंही.

१९१३ सालचा मोर्चा याचा उत्तम नमुना आहे आणि आपल्याकडे तो दांडीच्या सावलीत झाकला गेला. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातल्या कोळशाच्या खाणीत करारावर राबणारे हिंदी मजूर संपावर गेले. करार संपल्यावर तिथेच राहणाऱ्यांच्या डोक्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. गांधीजी त्यांना घेऊन ट्रान्सवालची हद्द ओलांडायला पायी निघाले: २,०३७ पुरुष, १२७ बाया आणि ५७ पोरं. रोजचा शिधा दीड पौंड पाव आणि थोडी साखर. सरकारने चार दिवसांत गांधीजींना तीन वेळा पकडलं. दोनदा जामिनावर सुटून ते परत येऊन मिळाले, तिसऱ्यांदा नाही. मोर्चा तरीही चालत राहिला, आणि शेवटी सगळ्यांना पकडून आगगाडीत कोंबलं तेव्हाही हाणामारी झाली नाही.

हे मजूर आश्रमात वाढलेले नव्हते. तमिळ, तेलुगू बोलणारी, बहुतेक निरक्षर, कष्टकरी माणसं होती. त्यामुळे 'अडाणी गर्दी म्हटलं की दंगा होणारच' हे जे आपल्याकडे सुशिक्षित घरांत ऐकू येतं, त्यात काही दम नाही. मोर्च्यात प्रत्येकाला आज कुठे पोचायचं ते ठाऊक होतं, शिधा वाटणारी माणसं ठरलेली होती, गांधी गेले तर पुढे कोण हे ठरलेलं होतं. याच संपात किनाऱ्याजवळच्या उसाच्या मळ्यांवर, जिथे संप ऐकून ऐकून पसरला पण कार्यकर्ते पोचलेच नाहीत, तिथे मात्र चकमकी झाल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. माणसं त्याच जातकुळीची, संपही तोच.

हा फरक लक्षात ठेवा, सोलापूरला आल्यावर लागणार आहे.

गिरणी कामगार आणि गांधी

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी हिंदुस्थानात परतले. चंपारण, खेडा या शेतकऱ्यांच्या लढ्यांबद्दल भरपूर लिहिलेलं आहे, ते सोडतो. आपण गिरणगावचे. एकेकाळी जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत भोंग्यावर घड्याळ लावायचं हे गाव. तेव्हा १९१८ चा अहमदाबादचा संप बघू.

प्लेगच्या साथीत कामगार पळून जाऊ नयेत म्हणून मालक जादा भत्ता देत होते, साथ ओसरल्यावर तो काढून घेतला. इकडे महागाई भडकलेली. कामगार ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हते. गांधीजींनी हिशेब तपासून ३५ टक्के ही मागणी ठरवली. मालकांचे म्होरके अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने उभी त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, असा तो मामला होता. रोज संध्याकाळी साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली सभा आणि रोज नवं पत्रक. अटी साफ होत्या: दंगा करायचा नाही, कामावर जाणाऱ्याला अडवायचं नाही, भीक मागायची नाही, दुसरं काही काम करून पोट भरायचं. कामगार डगमगू लागले तेव्हा गांधीजींनी उपोषण सुरू केलं आणि तीन दिवसांत तडजोड झाली. मालक त्यांचे स्नेही असल्यामुळे उपोषणाचा दाब त्यांच्यावर आला, तेव्हा हा उपवास निर्दोष नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. उपोषण म्हणजे दबाव की विनवणी, हा वाद १९३२ साली येरवड्यात, पुणे कराराच्या वेळी, कितीतरी तीव्रपणे उभा राहिला. डॉ. आंबेडकरांची त्यावरची नाराजी शेवटपर्यंत गेली नाही, आणि ती जायला हवी होती असं मला वाटत नाही.

अहमदाबादेत त्या संपातून मजूर महाजन ही संघटना उभी राहिली आणि टिकली. गांधीजींनी स्वतः घडवलेली अशी कामगार संघटना सोलापुरात नव्हती.

दोनदा गाडी थांबवली

१९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. पंजाबकडे निघालेल्या गांधीजींना वाटेत अडवून परत पाठवलं आणि बातमी फुटली की गांधींना पकडलं. अहमदाबाद, विरमगाव पेटलं. सरकारी इमारती जळाल्या, माणसं मारली गेली. म्हणजे बघा, १९३० साली सोलापुरात जे झालं त्याची पहिली आवृत्ती खुद्द गांधीजींच्या गुजरातेत होऊन गेली होती. गांधीजींनी चळवळ थांबवली आणि सांगितलं की लोकांना तयार न करता कायदेभंगाला लावलं, ही आपली हिमालयाएवढी चूक झाली. १९२२ च्या फेब्रुवारीत संयुक्त प्रांतातल्या चौरीचौरा गावी जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, २२ पोलीस मेले. असहकाराची चळवळ ऐन भरात होती, तरी त्यांनी ती थांबवली. तुरुंगातले नेहरू, लाजपतराय वगैरे मंडळी संतापली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये राजद्रोहाचा खटला झाला. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि कायदा बरोबर वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या असं सांगितलं. सहा वर्षं. त्या भाषणाचा गाजावाजा जगभर झाला. सरकारने यातून धडा घेतला, तो पुढे दिसेल.

गांधीजींनीही घेतला. १९३० चा लढा सुरू करण्याआधी फेब्रुवारीतच त्यांनी लिहून टाकलं की मला पकडल्यावर काय करायचं. या खेपेला कुठे हिंसा झाली म्हणून चळवळ गुंडाळायची नाही. अहिंसा मानणारा एकही माणूस बाहेर मोकळा आहे तोवर ती चालवायची. सोलापूर समजून घ्यायला हा बदल फार महत्त्वाचा आहे. १९२२ च्या नियमाने चालले असते तर मे १९३० मध्ये सविनय कायदेभंग बंद पडला असता. त्याआधीच १८ एप्रिलला चितगावच्या शस्त्रागारावर क्रांतिकारकांचा छापा पडला होता, २३ एप्रिलला पेशावरला गोळीबार झाला होता. चळवळ थांबली नाही.

मीठ का, आणि मीठ नसेल तिथे काय

२ मार्च १९३० ला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र लिहिलं. रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाचा एक तरुण इंग्रज ते घेऊन गेला. पत्रात हिशेब होता: तुमचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे रोजचे ७०० च्या वर, आणि इथल्या माणसाची सरासरी कमाई रोजची दोन आण्यांहून कमी. मिठावरचा कर हा त्या दोन आणेवाल्यालाही सुटत नाही, हे त्यातलं खरं दुखणं. मीठ निवडण्यात एक व्यवहारी अक्कलही होती. हा कायदा मोडायला ना पैसा लागतो ना हत्यार. किनाऱ्यावर जा, मूठभर खारट माती उचला, झाला कायदेभंग. म्हातारी करू शकते, पोर करू शकतं. आणि करणाऱ्याच्या हातात मुठीपलीकडे काही नसतं.

१२ मार्चला साबरमतीहून गांधीजींसोबत आश्रमाचे मोजके लोक निघाले. ७८ हा आकडा प्रसिद्ध आहे. प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी ही तिन्ही प्रत्येकाला सक्तीची. त्यांत महाराष्ट्रातलेही होते, पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे त्यांतलेच. वर्षानुवर्षं पारखलेली ही माणसं होती. २४ दिवस चालून ५ एप्रिलला दांडी, ६ तारखेला मीठ.

त्याच ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. याचा अभिमान इथे आजही आहे आणि असायलाच हवा. पण सोलापूरला समुद्र कुठला? मीठ उचलायचं तर कोकणात शिरोड्याला जावं लागणार, आणि गेलेही लोक महाराष्ट्रातून तिकडे. बाकीच्या घाटावरच्या गावांना दुसरे कायदे शोधावे लागले. बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला तो यातूनच. दारूच्या दुकानांवर निदर्शनं, परदेशी कापडाच्या होळ्या, आणि शिंदीची झाडं तोडणं. शिंदी म्हणजे झाडातून निघणारी दारू, सरकारला अबकारी देणारी गोष्ट, त्यामुळे झाड तोडलं की एका फटक्यात दारूबंदीही होते आणि सरकारच्या खिशालाही भोक पडतं. खुद्द गांधीजींनी गुजरातेत खजुरीची झाडं तोडायला सांगितलं होतं, तेव्हा हे काही सोलापूरकरांच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हतं.

तरीसुद्धा मला कायम वाटत आलंय की मीठ उचलणं आणि झाड तोडणं यांत मोठा फरक आहे. शिंदी तोडायला कुऱ्हाड लागते. हजारोंचा जमाव, त्यातल्या कित्येकांच्या हातात कुऱ्हाडी-कोयते, गिरण्या बंद असल्यामुळे सगळी तरणीबांड पोरं रस्त्यावर, आणि समोर बंदूकधारी पोलीस. यात कुणीही वाईट नसलं तरी एक दगड पुरतो.

५ मे ते ८ मे

दांडीजवळ कराडी गावात खजुरीच्या झावळ्यांच्या झोपडीत गांधीजी राहत होते. ४ मेची रात्र उलटून पाऊण वाजला असेल, पोलीस आले. गांधीजींनी दात घासायला वेळ मागून घेतला, पंडित खऱ्यांनी भजन म्हटलं आणि ते निघाले. आगगाडी बोरिवलीजवळ मध्येच थांबवून तिथून मोटारीने येरवडा. पकडलं ते १८२७ च्या एका जुन्यापुराण्या नियमाखाली, ज्यात खटलाच चालवावा लागत नव्हता. १९२२ चा धडा म्हणतो तो हाच. कोर्ट नाही म्हणजे भाषण नाही, शिक्षेची मुदत नाही, लोकांना जाता जाता चार शब्द सांगायची सोयही नाही.

बातमी सोलापुरात आली आणि गिरण्या ओस पडल्या. दुकानं बंद, मिरवणुका सुरू. ८ मेला रूपाभवानी मंदिराकडच्या भागात शिंदीची झाडं तोडायला प्रचंड जमाव गेला. पोलिसांनी काही जणांना पकडलं, लोकांनी ते सोडवायला गराडा घातला, दगड आले, गोळ्या सुटल्या. शंकर शिवदारे हा तरुण गेला. सोलापूरचा पहिला हुतात्मा तो. पुतळे चार असल्यामुळे त्याचं नाव मागे पडतं, हे बरोबर नाही.

गोळीबाराची खबर शहरात पोचली तेव्हा लोकांचा तोल गेला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीस मारले गेले. कोर्टाची इमारतही पेटली. अधिकाऱ्यांनी शहरातले पोलीस काढून घेतले.

आता यापुढचं जे आहे ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात विचार करायला लावणारं वाटतं. पोलीस नाहीत, कोर्ट नाही, लाखभर वस्तीचं गिरणगाव उघडं पडलंय. लूटमार व्हायची, मारवाड्यांची दुकानं फुटायची, हिंदू-मुसलमान दंगा व्हायचा, असं सरकार धरून चालणार. झालं वेगळंच. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहिले, रहदारी सांभाळली, पेठांचा बंदोबस्त केला. तुळशीदास जाधव, रामकृष्ण जाजू ही मंडळी त्यांत पुढे. चार दिवस सोलापूर स्वतंत्र होतं असं आपण जे सांगतो ते हे. ज्या गावात गुरुवारी चौकी जळाली त्याच गावात शुक्रवारपासून पोलिसाविना कारभार चालला. यावरून मी तरी असं मानतो की ८ तारखेला सोलापुरात अहिंसेवर विश्वास असलेली माणसं होती, पुरेशीही होती, पण त्या दुपारी रूपाभवानीपाशी गर्दीला आवरायची जबाबदारी कुणा एकावर नेमून दिलेली नव्हती. नाताळच्या मोर्च्यात ती होती, उसाच्या मळ्यांत नव्हती.

१२ मेला लष्करी कायदा पुकारला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. आपण मार्शल लॉचं सोलापूर म्हणतो ते याच दिवसांमुळे. तिरंगा हातात घेणं गुन्हा, गांधी टोपी दिसली की सैनिक ती उतरवायचे. पुढाऱ्यांना लांबलचक शिक्षा झाल्या. आणि त्या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा खटला उभा राहिला. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारा विशीतला पोरगा. बाकीचेही चळवळीत उघडपणे वावरणारे. जमावात कुणी कुणाला मारलं हे ठरवणं मुळात अवघड, त्यात नेमके ओळखीचे कार्यकर्तेच आरोपी निघावेत यातच सोलापूरकरांना सगळं कळलं. वरच्या न्यायालयातही फाशी कायम राहिली.

१२ जानेवारी १९३१ ला येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिलं. तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या तर एक गोष्ट ध्यानात येते, जी हाराफुलांच्या भाषणात सहसा कुणी सांगत नाही. त्या दिवशी गांधीजीही येरवड्यातच कैदेत होते. त्यांची सुटका २६ जानेवारीला झाली. त्या तुरुंगाला ते येरवडा मंदिर म्हणायचे. १९३० च्या पावसाळ्यात दर मंगळवारी तिथून आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहायचे, त्यात एक पत्र अहिंसेवर आहे. अहिंसा म्हणजे नुसतं कुणाला न मारणं नव्हे, वाईट विचार, उतावळेपणा, खोटं बोलणं हीसुद्धा हिंसा, असं त्यात समजावलंय. ज्यांच्यामुळे गिरणी सोडून, दुकान सोडून ही पोरं रस्त्यावर आली तो माणूस आणि ती पोरं शेवटी एकाच तुरुंगात होती.

त्याच महिन्यात धारासना

सोलापुरात लष्करी कायदा असतानाच, २१ मेला, गुजरातेत धारासनाच्या मिठागरावर उलट टोकाचं दृश्य होतं. गांधींच्या नंतर अब्बास तय्यबजी असं ठरलेलं, ते १२ मेला पकडले गेले. त्यांच्यानंतर सरोजिनी नायडू. अडीच हजारांच्या आसपास स्वयंसेवक रांगा करून पुढे जात होते आणि लोखंडी टोकांच्या लाठ्या खाऊन पडत होते. एका रांगेतली माणसं पडली की दुसरी रांग पुढे. कुणी लाठी अडवायला हातही वर केला नाही. वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने ते जगभर पोचवलं.

म्हणजे पुढारी अटकेत होते दोन्हीकडे. धारासनाला पुढचा, त्याच्या पुढचा, असा क्रम लावलेला होता, माणसं निवडून आणलेली होती. सोलापुरात लोक स्वतः होऊन आले होते. लोकांची चळवळ म्हणायची तर सोलापूरची जास्त अस्सल, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण तिला काबूत ठेवणं त्याहून कितीतरी अवघड.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली, शांततेची निदर्शनं मान्य झाली, हिंसेचा आरोप नसलेले कैदी सुटले. ज्यांच्यावर हिंसेचे गुन्हे होते ते यात बसत नव्हते. भगतसिंगांच्या फाशीवरून गांधीजींना काळे झेंडे दाखवले ते याच दिवसांत. करार करताना त्यांनी आपल्या लोकांना वाऱ्यावर सोडलं हा आरोप महाराष्ट्रात आजही होतो. मला तो अर्धाच पटतो. ज्याने आधीपासून नियम सांगितला होता त्याने तो पाळला, याला विश्वासघात म्हणता येत नाही. मात्र त्याच्या नावाने पेटून उठलेल्याला तो नियम कुणी शिकवलाच नव्हता, ही जबाबदारी कुणाची, याचं उत्तर त्या करारात नाही.

१९४२ मध्ये हाच पेच पुन्हा आला, दहापट मोठा. ८ ऑगस्टच्या ठरावातच लिहून ठेवलं होतं की अशी वेळ येईल जेव्हा सूचना द्यायला कुणी नसेल, तेव्हा प्रत्येकाने अहिंसेच्या चौकटीत राहून स्वतःच आपला मार्ग ठरवावा. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे पुढारी आत. आणि लोकांनी ज्याला जसा सुचला तसा मार्ग ठरवला. तारा तुटल्या, रूळ उखडले, साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. सरकारने सगळं खापर गांधीजींवर फोडलं. त्यांनी ते घेतलं नाही, पुढाऱ्यांना एका रात्रीत उचलून सरकारनेच हे ओढवून घेतलं असं ठणकावलं आणि आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण केलं. त्याच कैदेत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, कस्तुरबा गेल्या.

शेवटचा प्रयोग १९४६ चा. पूर्व बंगालमधल्या नौखालीत भीषण दंगे झाले होते, हिंदूंची गावं ओस पडली होती. ७७ वर्षांचे गांधीजी तिथे गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी सोबतच्या मंडळींना पांगवलं. एकेका गावात एकेकाने राहायचं, भोवती सगळी वस्ती मुसलमानांची, संरक्षण नाही, जवळ मी नाही. प्यारेलाल एका गावात, सुशीला नायर दुसऱ्या, स्वतः ते श्रीरामपुरात. अमतुस सलाम या त्यांच्या मुसलमान शिष्येने आपल्या वाट्याच्या गावात पंचवीस दिवस उपवास केला. सभा नाही, मोर्चा नाही, गर्दीच नाही.

जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत त्यांचा खून झाला. तोवर नौखाली पाकिस्तानात गेली होती. कामाला राहिलेल्यांपैकी चारू चौधरी तिथून हललेच नाहीत. पुढे पाकिस्तान सरकारने त्यांना कैक वर्षं तुरुंगात ठेवलं. बांगलादेश झाल्यावर ते सुटले आणि जयाग गावच्या आपल्या आश्रमात परत जाऊन कामाला लागले.